कोंबडीच्या अंड्यात बदलणारा फ्लू

फ्लूच्या विषाणूकडे आपल्या नकला तपासून घेण्याची सोय नाही. त्याची जनुकं आरएनएच्या आठ तुकड्यांवर असतात. सगळी मिळून जेमतेम साडेतेरा हजार अक्षरं. ती उतरवून काढणारं एन्झाइम चुकतं आणि चूक तशीच पुढच्या पिढीत जाते. बहुतेक चुका विषाणूच्याच मुळावर येतात. एखादी मात्र हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात नेमक्या जागी पडते आणि त्या विषाणूचं फावतं.

याच प्रथिनाच्या जोरावर विषाणू आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो आणि आपली प्रतिपिंडंही (विषाणूला अडवायला शरीर बनवतं ती प्रथिनं) मुख्यतः त्यालाच धरतात. एच३एन२ हा प्रकार १९६८ मध्ये माणसांत आला. त्याच्या २००३ पर्यंतच्या वाटचालीत प्रतिपिंडांना चकवणारे जे मोठे बदल झाले, ते मुख्यतः सातच जागांवर, तेही चिकटण्याच्या खोबणीलगत. विषाणू हे ठरवून करतो, असं वर्णन वाचलं की मी वैतागतो. तो फक्त चुका करतो. त्यातलं काय टिकणार, हे लोकांची प्रतिकारशक्ती ठरवते.

(दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर आठ तुकड्यांची सरमिसळ होऊन एकदम नवा विषाणूही निपजतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच आल्या. दरवर्षीच्या फ्लूचं दुखणं वेगळं आहे.)

खरी गंमत लशीत आहे. २०१४ च्या सुमारास एच३एन२च्या एका शाखेत हिमॅग्लुटिनिनच्या १६० क्रमांकाच्या जागेपाशी बदल झाला आणि तिथे शर्करेची साखळी जोडली जाऊ लागली. प्रतिपिंड जिथे बसायचं, तिथेच हा आडोसा. लशीसाठी हा विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवला, तेव्हा तिथे जुळवून घेताना १६० क्रमांकाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला त्या जागेवरचा मणी, पुन्हा बदललं आणि ती साखळी गळून पडली. परिणामी २०१६-१७ च्या हंगामात अंड्यांत बनवलेल्या लशीने उठवलेली प्रतिपिंडं बाहेर फिरणाऱ्या विषाणूपुढे कमकुवत ठरली. विषाणूची निवड बरोबर होती, तो बदलला कारखान्यात!

अंड्यांऐवजी प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींमध्ये विषाणू वाढवून किंवा नुसतं हिमॅग्लुटिनिन प्रथिन तयार करून लस बनवली, तर ही अडचण टळते. पण जगातल्या बहुसंख्य फ्लूलशी आजही अंड्यांतच तयार होतात. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी शिफारस करते, तेव्हा अंड्यांसाठी आणि पेशींसाठी वेगवेगळ्या विषाणूंची नावं दिलेली असतात.