ट्राय बाईक घेताय? आधी ओळंबा आणा

शनिवारी रात्री साडेदहाला भाच्याने दोन सायकलींचे फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ, "मामा, यातली हलकी कोणती रे?" त्याने गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉनला उतरायचं ठरवलंय, म्हणजे १.९ किमी पोहायचं, मग ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी पळायचं, आणि त्यासाठी आता "खरी" ट्रायथलॉन बाईक पाहिजे म्हणतो. किमती बघून डोळे पांढरे झालेच, पण मला जास्त खटकला तो त्याचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी मी पण हाच प्रश्न विचारत फिरलो होतो आणि चुकीची सायकल घरी आणली होती. म्हटलं, उद्या सकाळी सव्वापाचला सुपर कॉरिडॉरला ये, तुझी नेहमीचीच रोड बाईक घेऊन ये, मग बोलू.

मे महिन्यात इंदूरला सायकल चालवायची तर तीच वेळ, सातनंतर ऊन सोसवत नाही. रस्ता सपाट, रुंद आणि त्या वेळी बऱ्यापैकी मोकळा. मी माझे जुने क्लिप-ऑन एरोबार त्याच्या हँडलला आवळले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, हँडलच्या मधोमध पुढे जाणाऱ्या दोन दांड्या असतात आणि मागे कोपरं टेकवायला दोन पॅड. माणूस त्यावर वाकून पडतो, पाठ आडवी, हात छातीपुढे एकमेकांजवळ.

मग त्याला सांगितलं, ३५ चा वेग धर, या लाईटच्या खांबापाशी पॅडल मारणं बंद कर आणि मीटरवर २० दिसेपर्यंत नुसता जाऊ दे. पहिल्यांदा नेहमीसारखं ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून, ताठ. दुसऱ्यांदा तीच सायकल, तीच दिशा, तोच खांब, फक्त कोपरं पॅडवर. असं तीन-तीनदा केलं. वाकून गेला की प्रत्येक वेळी तो एक पूर्ण खांब ओलांडून अजून थोडा पुढे जायचा. सायकलीचं वजन तेच, टायर तेच, पाय तर हललेच नव्हते. तिसऱ्या फेरीनंतर तो थांबला, मागे वळून खांब मोजले आणि म्हणाला, "मामा, हे तर फुकट मिळालं!"

बाकी सगळं या खांबावरूनच समजून घेता येतं. सपाट रस्त्यावर ३० च्या पुढे गेलं की तुमच्या पायातला बहुतेक जोर समोरची हवा बाजूला सारण्यात जातो, आणि हवेच्या एकूण अडथळ्यात सायकलीचा वाटा साधारण पाव, उरलेला तीन चतुर्थांश तुमच्या अंगाचा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. म्हणून ट्राय बाईक निवडायची म्हणजे खरं तर आपलं अंग हवेत कसं ठेवायचं ते निवडायचं, आणि ते अंग तीन तास तसं धरून ठेवेल अशी चौकट शोधायची.

आकड्यात बघा. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो धरा. अंगाचा पसारा आणि आकार मिळून हवेला किती अडतो याचा एक आकडा असतो, त्याला सीडीए म्हणतात, ताठ बसलेल्या माणसाचा तो ०.३६ चौरस मीटरच्या आसपास धरा आणि नीट वाकलेल्याचा ०.२७. इंदूरच्या हवेत ३० च्या वेगाला पहिल्याला साधारण १४७ वॅट लागतात, दुसऱ्याला ११९. किंवा उलटं, तेच १४७ वॅट वाकून लावले तर वेग ३२.७ च्या आसपास जातो आणि ९० किमीला सुमारे १५ मिनिटं वाचतात. आता वजन. सायकल एक किलोने हलकी केली तर याच सपाट रस्त्यावर जेमतेम अर्धा वॅट वाचतो, आणि त्या एका किलोसाठी लोक किती पैसे ओततात! सिमरोलचा घाट चढायचा असेल तर वजनाला अर्थ आहे, तिथे ८० किलोत एक किलो कमी म्हणजे चढायला सव्वा टक्का कमी ताकद. पण शर्यत सपाट किंवा थोडी वरखाली असेल तर हलकेपणा शेवटी बघायची गोष्ट.

अजून एक, इंदूरकरांसाठी. आपण साधारण ५५० मीटर उंचीवर राहतो, त्यामुळे त्याच तापमानाला आपली हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. इथे ठराविक वॅटला जो वेग दिसतो तो गोव्यात थोडा कमीच दिसणार, पाय खराब आहेत असं समजून घाबरायचं नाही. मी हे भाच्याला दोनदा सांगितलं कारण शर्यतीत मीटरकडे बघून लोक जास्त जोर लावतात आणि मग पळताना दमून बसतात.

हे एरोबार आले कुठून तेही छान आहे. १९७८ ला हवाईमध्ये पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण उतरले होते आणि १८० किमी साध्या सायकलींवर गेले. पुढे १९८० च्या दशकात बून लेनन नावाच्या स्कीइंगच्या कोचने उतारावरून घसरणाऱ्या स्कीपटूंची ती हात पुढे घेऊन वाकायची पद्धत सायकलीच्या हँडलवर आणली. ट्रायथलीट लोकांनी ते आधी उचललं, रोडवाले बघत राहिले. मग १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किमी, ग्रेग लेमंड लॉरां फिन्योच्या ५० सेकंद मागे, लेमंडने तसेच बार लावले, फिन्योने लावले नाहीत, आणि तीन आठवड्यांची शर्यत लेमंडने ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवशी दुसऱ्याही गोष्टी होत्या, पण त्यानंतर बारबद्दल कोणी वाद घातला नाही.

आता रोड बाईकला बार लावले की ट्राय बाईक झाली का, तर नाही, आणि इथेच भूमिती येते. रोड बाईकची सीटची नळी ७३ अंशांच्या आसपास कललेली असते. त्यावर बसून पाठ आडवी करायला गेलात तर प्रत्येक पॅडलला मांडी पोटात शिरते, श्वास कोंडतो, कंबर धरते. ट्राय बाईकमध्ये ती नळी ७६ ते ८० अंश, जवळजवळ उभी, म्हणजे सीट पुढे सरकते. समजा तुमचं अख्खं अंग पॅडलच्या दांड्याभोवती, म्हणजे बॉटम ब्रॅकेटभोवती, घड्याळाच्या काट्यासारखं पुढे फिरवलं, तर पाठ खाली जाते पण मांडी आणि धडामधला कोन मोकळाच राहतो. सगळी करामत या एका फिरवण्यात आहे. रोडच्या शर्यतींत सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या निदान ५ सेंमी मागे हवं असा वर्षानुवर्षं नियम होता, ट्रायथलॉनमध्ये तो नव्हता, म्हणून या सायकली वेगळ्या वाढल्या.

माझी चूक इथे झाली. सेकंड हँड मिळत होती, हलकी होती, रंग सुंदर होता, आणि विकणारा म्हणाला एक नंबर मोठी आहे पण सीट खाली केली की झालं. नाही होत. सीट खाली होते, पुढचा भाग लांब आणि उंच तसाच राहतो. मी त्या बारांपर्यंत पोचायला अंग ताणायचो, चाळीस मिनिटांत मान आखडायची की उठून बसायचो. उठून बसलं की सीडीए परत ०.३६. म्हणजे महागडी ट्राय बाईक घेऊन मी रोड बाईकच चालवत होतो, दोन वर्षं. तेव्हा ५४-५६ असल्या नंबरांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा ५४ वेगळा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून वर किती आणि पुढे किती, म्हणजे स्टॅक आणि रीच, हे दोन आकडे बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे कोपराचे पॅड वर किती नि पुढे किती येतात ते बघा.

ते आकडे मिळवायला आम्ही त्याच रविवारी दुपारी घरीच बसलो. पोहे खाऊन झाले, ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचा स्टँड, हॉलमध्ये लावला, आईने आधी खाली जुनी चादर घालायला लावली. गवंड्याकडे असतो तो ओळंबा मी रामबागेतल्या काकांकडून आणला होता. सीटच्या टोकापासून दोरा सोडला, पितळी वजन हळूहळू डोलायचं थांबलं, टोक बॉटम ब्रॅकेटच्या ६ सेंमी मागे. सीट पुढे घेतली, थोडी वर केली, बार खाली, मग वीस मिनिटं चालवून बाजूने मोबाईलवर व्हिडिओ. त्याने पहिल्यांदा बार फारच खाली घेतले होते, फोटोत मस्त दिसत होतं, पण बाराव्या मिनिटाला खांदे कानाशी आले आणि तो सारखी जागा बदलायला लागला. दोन सेंमी वर केले आणि शांत झाला. किती खाली जाता येतं हे विचारूच नका, जिथे तीन तास न हलता राहता येतं तीच तुमची एरो पोझिशन.

आता या सायकलीसोबत राहण्याच्या गोष्टी, दुकानात हे कोणी सांगत नाही.

ब्रेक कोपराच्या पॅडपाशी नसतात, बाजूच्या हँडलवर असतात. ३५ च्या वेगाला तुम्ही सेकंदाला जवळजवळ दहा मीटर जाता, हात बारांवरून ब्रेकवर न्यायला एक सेकंद धरला तर दहा मीटर ब्रेकशिवायच गेले. आणि आपल्याकडे दुभाजकाच्या झाडीतून गाय किंवा कुत्रं कधी निघेल सांगता येत नाही. गर्दीत, चौकात, गटाने चालवताना बारांवर पडायचं नाही म्हणजे नाही, यात मी भाच्याचंही ऐकत नाही. गिअर मात्र उलटे, ते बारांच्या टोकाला, त्यामुळे साध्या तारेच्या गिअरवर घाटात हँडल धरून उभं राहिलात तर गिअर बदलायला हात पुढे न्यावा लागतो, चढ सुरू व्हायच्या आधीच बदलून ठेवा. इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये दोन्हीकडे बटणं मिळतात, पैसे कुठे घालायचे असतील तर मी तिथे घालीन.

आडवा वारा. उन्हाळ्यात मालव्याच्या पठारावर वारा चांगलाच सुटतो, देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या बसवल्या त्या त्यासाठीच. खोल रिमच्या, म्हणजे रुंद कडेच्या, पुढच्या चाकावर वाऱ्याचा झोत आला की तो हँडल फिरवतो. मागचं चाक हँडलला जोडलेलं नसतं, म्हणून मागे खोल रिम चालते, पुढे कमी खोलच बरी. हवाईतल्या कोना गावच्या आयर्नमॅन शर्यतीत तर वाऱ्यापायी वर्षानुवर्षं मागच्या डिस्क चाकालाही, म्हणजे आरे न दिसणाऱ्या पूर्ण बंद चाकालाही, मनाई राहिली. त्यात हात मधोमध एकमेकांजवळ असल्याने वळवायला जोर कमी मिळतो. बायपासला मोठा ट्रक बाजूने गेला की आधी वारा अडतो आणि मग एकदम लागतो, पहिल्यांदा माझी सायकल हातभर सरकली होती, छातीतली धडधड अजून आठवते. सायकलीला आवळून धरू नका, कोपरं सैल, नजर लांब.

सीट. कंबर पुढे फिरली की भार बसायच्या हाडांवरून पुढच्या मऊ भागावर येतो, नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बधिरपणा येतो. बायका-पुरुष दोघांनाही, आणि लाजून कोणी बोलत नाही. पुढचं टोक दोन फाकांचं असलेली सीट मिळते ती याचसाठी. बधिरपणा सहन करायची गोष्ट नाही, सीट बदला.

आणि घाम. या पोझिशनमध्ये नाकावरून टपकणारा प्रत्येक थेंब थेट स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टवर आणि हेडसेटवर (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगवर) पडतो. एक पावसाळा मी घरातच ट्रेनरवर चालवली, दिवाळीत बार काढायला गेलो तर बोल्टभोवती पांढरी खार धरलेली, आत गंज, बोल्ट फिरेना, शेवटी ड्रिल मारून काढावा लागला. तेव्हापासून टॉवेल अंथरतो, चालवून झालं की ओल्या फडक्याने पुसतो आणि बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच आवळतो, भागावर ५ न्यूटन मीटर लिहिलं असेल तर पाचच, कार्बन जास्त आवळला तर आतून तडकतो. नव्या सायकलींत ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून आत जातात, दिसायला सुबक, पण बार दोन सेंमी खालीवर करायचे म्हटले तरी कधी कधी नळी कापून ब्रेकचं ऑईल परत भरावं लागतं. घेताना नक्की विचारा, पॅड खालीवर करायला काय काय उघडावं लागतं, आणि विमानासाठी बॉक्समध्ये भरताना हँडल सुटतं की नाही.

भाच्याचे आकडे निघाले, पॅड बॉटम ब्रॅकेटपासून ६३ सेंमी वर, ४६ सेंमी पुढे. चिठ्ठी त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. पाठवलेल्या दोन फोटोंपैकी हलकी होती ती त्याला चार सेंमी लांब निघाली, दुसरीचे पॅड बसतात पण तिला तारेचे गिअर आहेत. तो अजून शोधतोय, तोवर माझे बार त्याच्याच हँडलला आहेत.