रिझर्व्ह बँक ग्रेड बी अधिकारी परीक्षा

भारतीय रिझर्व्ह बँकेत थेट अधिकारी म्हणून प्रवेश देणारी स्पर्धा परीक्षा. मुंबईतील रिझर्व्ह बँक सेवा मंडळ ती घेते. निवड झालेला उमेदवार ‘मॅनेजर’ या हुद्द्यावर रुजू होतो. बोलताना तिला सरसकट ‘बँकेची परीक्षा’ म्हणतात आणि बहुतेकांची तयारी तिथेच चुकते. व्यापारी बँकांच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेत वेग आणि आकडेमोड तारून नेतात. इथे अखेरची निवड अर्थशास्त्र, वित्त आणि लेखनावर ठरते.

पदे तीन संवर्गांत असतात : सामान्य, आर्थिक व धोरण संशोधन, आणि सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन. नंतरच्या दोघांना त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते व प्रश्नपत्रिकाही वेगळ्या असतात. पुढील तपशील सामान्य संवर्गाचा आहे. पदवीला ६० टक्के गुण (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना ५०) आणि वय २१ ते ३० वर्षे ही मुख्य अट; राखीव प्रवर्गांना वयात नियमानुसार सवलत मिळते. खुल्या प्रवर्गाला सहाच संधी असल्याने ‘एकदा बसून पाहू’ म्हणून दिलेली परीक्षा पुढे महागात पडते.

पहिला टप्पा २०० गुणांचा, १२० मिनिटांचा : सामान्य ज्ञान ८०, तर्कक्षमता ६०, इंग्रजी आणि गणित प्रत्येकी ३०. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. प्रत्येक विभागाला वेगळी वेळ आणि वेगळा कटऑफ असतो. सामान्य ज्ञानाच्या ८० प्रश्नांना २५ मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम १९ सेकंद मिळतात. तिथे विचार करून उत्तर काढता येत नाही, ते आठवावेच लागते. एकूण गुण भरपूर असूनही एका विभागात कमी पडल्याने बाद होणारे पुष्कळ असतात. मात्र हे गुण दुसऱ्या टप्प्याचे दार उघडण्यापुरतेच; अंतिम यादीत ते धरले जात नाहीत.

दुसऱ्या टप्प्यात १०० गुणांचे तीन पेपर असतात : आर्थिक व सामाजिक प्रश्न, इंग्रजी लेखन, आणि वित्त व व्यवस्थापन. पहिल्या व तिसऱ्यात निम्मे गुण वस्तुनिष्ठ (३० मिनिटे) आणि निम्मे वर्णनात्मक (९० मिनिटे). वर्णनात्मक भागात सहापैकी चार प्रश्न सोडवायचे असतात : १५ गुणांचे दोन, १० गुणांचे दोन. जास्त लिहिले तर पहिली चारच उत्तरे तपासली जातात, त्यामुळे ‘वेळ उरला म्हणून पाचवे’ हा उद्योग व्यर्थ. सगळे टंकलिखित. हे दोन पेपर हिंदीतही लिहिता येतात, मराठीत नाही. आणि हिंदी निवडणाऱ्याने कीबोर्डची मांडणी आधीच हाताखालून घातलेली बरी. बोटे अडखळली की माहिती असूनही उत्तर अर्धे राहते.

वाचनाचे मुख्य साहित्य बाजारातल्या मार्गदर्शकांबाहेर, बहुतांशी फुकट उपलब्ध आहे : पतधोरण समितीची निवेदने, वर्षातून दोनदा येणारा वित्तीय स्थैर्य अहवाल, आर्थिक पाहणी, अर्थसंकल्प. रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो) किती हे पाठ असणे पुरत नाही. तो वाढवल्यावर कर्जे, रोखे आणि रुपया यांवर परिणाम कसा आणि किती उशिराने होतो, हे चार परिच्छेदांत मांडता यावे लागते. व्यवस्थापनाचा भाग (प्रेरणा, नेतृत्व, नीतिमूल्ये) सोपा समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. खरे तर अभ्यासक्रम आटोपशीर असल्याने कमी श्रमात गुण देणारा भाग तोच.

मुलाखत ७५ गुणांची; अंतिम गुणवत्ता यादी एकूण ३७५ पैकी लागते. मुलाखतीआधीच्या मानसशास्त्रीय चाचणीला गुण नसतात.

रुजू झाल्यावर दोन वर्षे परिवीक्षा असते. २०२५ च्या जाहिरातीत सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा ७८,४५० रुपये होते; भत्ते वेगळे. बदली देशात कुठेही होऊ शकते. बढतीची वाट ग्रेड सी, डी, ई, एफ अशी जाते; एफ म्हणजे मुख्य महाव्यवस्थापक, त्यावर कार्यकारी संचालक. बँकेच्याच संवर्गातून गव्हर्नरपदापर्यंत पोहोचलेले एम. नरसिंहम (१९७७) हे विरळा उदाहरण.