जेसीबी येण्याआधी: आदिवासी केंद्राचा परिसर कसा आखावा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यात आदिवासी समाजाने स्वतः चालवायचं केंद्र उभं राहतं, तेव्हा इमारतीचा नकाशा लवकर ठरतो. अभ्यासिका कुठे, बचत गटाची खोली कुठे, बियाण्यांची कोठी कुठे, हे सगळे बोलून ठरवतात. परिसराचा विचार मात्र शेवटी होतो आणि तो ठरीव साच्यातला असतो: जमीन सपाट, पेव्हर ब्लॉक, मधे हिरवळ, कडेने गुलमोहर. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. हिरवळीला भर उन्हाळ्यात पाणी लागतं, आणि त्याच दिवसांत इथल्या बाया हंडे घेऊन आटत्या झऱ्यापाशी थांबलेल्या असतात. पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान झाडं निवडण्याआधीच होतं, जेसीबीने उतार सपाट केला त्या दिवशी.

इथल्या जमिनीत जे आहे, त्यातलं बरंचसं वर्षातले कित्येक महिने डोळ्यांना दिसत नाही. शेवळं घ्या. ही सुरणाच्या कुळातली रानभाजी. हिवाळा-उन्हाळाभर तिचा कंद मातीत निजलेला असतो, वर काडीही नसते. पहिल्या पावसाच्या सुमारास आधी फुलोऱ्याचा कोंब येतो, पान मागाहून. हाच कोंब खुडून भाजी होते. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा खालचा पिवळट दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं चिरून काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचं. आंबट घातलं नाही तर घसा खाजून हैराण होतो. वनस्पतीच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, ते जिभेला नि घशाला टोचतात. काकड हे रानातलं पानझडी झाड, आणि त्याची हिरवी फळं नेमकी शेवळांच्या हंगामात मिळतात.

आता मे महिन्यात सर्वेक्षण करणाऱ्याला ही जागा कशी दिसेल? ओसाड माळ आणि एक बिनकामाचं झाड. दोन्ही एका दिवसात जातात. म्हणून आराखड्याचा पहिला कागद गावातल्या म्हाताऱ्या बायांबरोबर जागा फिरून, निदान एक पावसाळा पाहून व्हायला हवा. कुठे शेवळं उगवतात, कुठे करटोलीचा वेल चढतो, ओहोळ कुठून वाहतो, हे त्यांना पाठ असतं. त्या जागी खुंट्या ठोका आणि इमारत त्यांना चुकवून बसवा.

कंद हरवले की काय होतं, ते ऑस्ट्रेलियात घडलेलं आहे. व्हिक्टोरिया भागातल्या आदिवासींचं मुख्य अन्न होतं मुरनाँग, पिवळ्या फुलांच्या एका रोपाचा कंद. बाया टोकदार काठ्यांनी कंद खणत, लहान कंद मागे ठेवत, आणि त्या खणण्यानेच माती भुसभुशीत राहून पीक पुन्हा भरत असे. १८३०च्या दशकात वसाहतवाल्यांनी मेंढ्या आणल्या. मेंढ्यांनी रोपं मुळासकट खाल्ली, खुरांनी माती घट्ट झाली, आणि थोड्याच वर्षांत मुरनाँग दुर्मिळ झाला. हातांनी जपलेली माती दाबली गेली की तिच्यातलं अन्नही जातं. जेसीबीच्या चाकांखाली हेच होतं.

पाण्याचंही तसंच. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. ते भेगांत आणि झिजलेल्या, सच्छिद्र थरात साठतं. खाली घट्ट थर लागला की पाणी आडवं सरकतं आणि उतारावर झरा फुटतो. म्हणजे झऱ्याचं पाणी वरच्या अंगाच्या जमिनीत मुरलेलं असतं. तिथे काँक्रीट ओतलं तर झरा लवकर आटेल, शौचालयाचा शोषखड्डा खणला तर घाण पाण्यात उतरेल. त्यामुळे झऱ्याच्या वरचा उतार मोकळा, गवताचा आणि झाडांचाच राहू द्यावा.

छपराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छप्पर २०० चौरस मीटरचं आणि वर्षाचा पाऊस २००० मिलिमीटर धरला, तर चार लाख लिटर पाणी पागोळ्यांवाटे जातं. थोडं टाकीत, बाकीचं चरांतून मुरवायचं. न्यूझीलंडमध्ये तुहोए या माओरी समाजाने २०१४ साली उघडलेल्या ते कुरा व्हारे या आपल्या केंद्रात पावसाचं पाणी साठवलं जातं आणि सांडपाणीही आवारातच शुद्ध होतं.

आवारात मोहाचं झाड असेल तर त्याच्याभोवती फरशी नको आणि रात्रभर हॅलोजनही नको. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं ती खायला येतात आणि परागीभवनाला मदत करतात. बरीचशी फलाहारी वटवाघळं प्रखर उजेड टाळतात. पहाटे फुलं खाली गळतात, ती वेचायला खाली साफ केलेली मातीच लागते. नाचाचं मैदानही मातीचंच बरं. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर धरल्या जाणाऱ्या नाचाच्या फेऱ्याला गोल, मोकळी जागा हवी, मध्ये कारंजं नको.

केंद्रातल्या मुलांसाठी प्रयोगशाळाही याच जमिनीवर होते. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटं रोवायचा, लिटरभर पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एकदा झाडाखाली, एकदा पायवाटेवर, एकदा गाड्या उभ्या राहतात तिथे. आकडे गावाच्या नकाशावर मांडले की पाणी कुठे मुरतं आणि कुठे वाहून जातं ते पोरांनाच दिसतं. पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, १९९६चा आहे आणि त्या क्षेत्रात त्याने ग्रामसभेला अधिकार दिलेत. चर कुठे खणायचे आणि गाड्या कुठे लावायच्या, यावरची चर्चा हा नकाशा समोर ठेवूनच करता येईल.