जॉर्ज क्रॉस : ढिगाऱ्याखाली शिरणाऱ्यांचं पदक

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडू लागले आणि दुसऱ्या महायुद्धाची आघाडी घराच्या दारात आली. हवाई हल्ल्यांपासून बचावाचा कायदा ब्रिटनने १९३७ सालीच केला होता. त्यातून वॉर्डन (हल्ल्याच्या वेळी वस्तीवर लक्ष ठेवणारे) आणि बचाव पथकं उभी राहिली होती. त्यातले बरेचसे दिवसा नोकरी-धंदा सांभाळून रात्री पाळीला येणारे स्वयंसेवक. त्यांच्या तोलाचं पदक मात्र नव्हतं. व्हिक्टोरिया क्रॉस शत्रूसमोर लढणाऱ्यांसाठी. १९२२ पासूनच्या एम्पायर गॅलंट्री मेडलला तशी प्रतिष्ठा कधी मिळालीच नाही.

२३ सप्टेंबरला राजे सहावे जॉर्ज यांनी रेडिओवरून जॉर्ज क्रॉस आणि त्याच्या खालच्या दर्जाच्या जॉर्ज मेडलची घोषणा केली. मानाच्या क्रमात हा क्रॉस थेट व्हिक्टोरिया क्रॉसच्या खालोखाल, आणि मुख्यतः नागरिकांसाठी.

पहिला थेट मानकरी ठरला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या ब्रिडलिंग्टनमधल्या बचाव पथकाचा प्रमुख, थॉमस अल्डरसन. पाच मजली इमारती कोसळून अकरा माणसं तळघरात अडकली होती. त्याने ढिगाऱ्याखालून तेरा-चौदा फूट बोगदा खणला. अंग वळवायलाही जागा नाही, गॅस गळतोय, फुटलेल्या नळांमुळे तळघरात पाणी भरण्याची भीती, वर शत्रूची विमानं. अशा अवस्थेत तो साडेतीन तास राबत होता आणि अडकलेल्या सगळ्यांना त्याने बाहेर काढलं. दुसऱ्या एका ठिकाणी, वाऱ्याने डुलणाऱ्या तीन मजली भिंतीखाली, अवजड फ्रिजखाली दबलेल्या दोघांपर्यंत तो पोचला. त्यातला एक पुढे दगावला. बंदूक हातात न धरता केलेलं हे काम रणांगणावरच्या कुठल्याही शौर्याहून उणं नाही, असं मला मनापासून वाटतं.

या व्यवस्थेत एक उणीव राहिली, आणि ती जिव्हारी लागणारी आहे. जॉर्ज मेडल मरणोत्तर देण्याची सोय १९७७ पर्यंत नव्हती. म्हणजे ढिगारा उपसताना जीव गेलेल्या स्वयंसेवकाला क्रॉस मिळाला नाही, तर हे मेडलही मिळत नसे. फार तर राजाचं प्रशस्तिपत्र.

स्वतंत्र भारताने १९५२ साली अशोक चक्र सुरू केलं तेही शत्रूसमोरच्या लढाईबाहेरील शौर्यासाठी. ते नागरिकांना खुलं आहे आणि मरणोत्तरही दिलं जातं. नागरी संरक्षणाचा आपला कायदा मात्र त्यानंतर, १९६५ च्या युद्धाचा अनुभव गाठीशी आल्यावर, १९६८ साली झाला.