सर्व्हर एम्युलेटर (जुन्या ऑनलाइन गेमचा)

ऑनलाइन गेमच्या कंपनीचा सर्व्हर बाजूला ठेवून त्याच्या जागी दुसऱ्याच कोणी नव्याने लिहिलेला प्रोग्रॅम, आणि खेळणाऱ्याच्या पीसीवरचा मूळ गेम, म्हणजे क्लायंट, त्याच्याशी बिनबोभाट बोलतोय, याला सर्व्हर एम्युलेटर म्हणतात. सोलापुरात समजवायचं तर तयार चादर पुढ्यात आहे, मागाला नक्षी सांगणारी जेकार्डची पंच कार्डं कारखानदाराच्या कपाटात कुलूपबंद आहेत आणि नुसती वीण बघून कार्डं परत पाडायचीत. फक्त चादर एकदा विणली की विणली, गेम मात्र दर पॅचला, म्हणजे कंपनीच्या दर सुधारणेला, बदलतो. ‘एम्युलेटर’ हा शब्दही काटेकोर नाही, इथं मशीनची नक्कल नसते, बोलण्याच्या रीतीची, म्हणजे प्रोटोकॉलची असते. पण शब्द रुळलाय.

पहिला कोणता यावर एकमत नाही. काही जण १९९८ मधल्या बीनेटडीला, म्हणजे ब्लिझार्ड कंपनीच्या बॅटल.नेट सेवेच्या नकलेला, मान देतात. पण त्यात खेळाडू जमवणं, चॅट, मॅच लावून देणं एवढंच, खेळाचं जग सर्व्हरवर नव्हतंच. सप्टेंबर १९९७ ला आलेल्या अल्टिमा ऑनलाइनसाठी साधारण १९९७-९८ च्या सुमारास निघालेला यूओएक्स जग स्वतः चालवायचा, म्हणून खरी सुरुवात तिथून धरणं जास्त पटतं. पुढं याच गेमसाठी सी-शार्प या भाषेत लिहिलेला रनयूओ आला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसाठी मँगोस आणि त्यातून फुटलेला ट्रिनिटीकोर, एव्हरक्वेस्टसाठी ईक्यूईम्यू, ही बाकीची ठळक नावं.

काम कसं चालतं ते अल्टिमावरून बघू. जुना क्लायंट आधी चार बाइटचं बीज (सीड, एन्क्रिप्शनसाठीचा आकडा) पाठवतो, मग लॉगिनचं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं. पहिला बाइट १२८ हा त्याचा नंबर, ३० बाइट नाव, ३० बाइट पासवर्ड, शेवटी एक बाइट, एकूण ६२. सर्व्हर १६८ नंबरच्या पॅकेटात सर्व्हरांची यादी देतो, खेळाडू त्यातला एक निवडतो, मग १४० नंबरच्या पॅकेटात ‘आता या आयपीला जा’ असा निरोप येतो आणि क्लायंट जुनं कनेक्शन सोडून १४५ नंबरचं पॅकेट घेऊन नव्या दारात उभा राहतो. नवशिके हमखास इथंच आपटतात, कारण निरोपात स्वतःच्याच मशीनचा आयपी १२७.०.०.१ राहून गेलेला असतो, त्यामुळे आपल्या पीसीवर झकास चालतं आणि शेजारचा म्हणतो, काय बे, यादी दिसतीय पण आत जाईना! यापुढं सर्व्हरकडून येणारा माल हफमन पद्धतीने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) असतो, क्लायंटकडून जाणारा नाही. आकडे मोठ्या बाइटपासून लिहितात, इंटेलच्या प्रोसेसरच्या उलट. हे विसरलं की दोन बाइटांत लिहिलेल्या ६२ चे १५,८७२ होतात. एवढं झालं तरी दार उघडलं इतकंच, राक्षस किती वेळाने परत येतो, तलवार किती मारते, हे पॅकेटात नसतं, ते खेळून खेळून मोजावं लागतं आणि वर्षं जातात ती त्यातच.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत २००५ मध्ये अपील कोर्टाने बीनेटडीच्या विरोधात निकाल दिला. सीडी-की, म्हणजे विकत घेतलेल्या गेमसोबतचा नंबर, तपासण्याची सोय त्यात नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दोन प्रोग्रॅमचं जुळवून घेण्यापुरती माहिती काढायला सूट आहे, मात्र प्रोग्रॅम कायदेशीर हातात असावा आणि ती माहिती दुसरीकडं सहज मिळत नसावी. कोड ओपन सोर्स केला म्हणून गेमचे नकाशे, चित्रं वाटायची मोकळीक मिळत नाही. म्हणून हे प्रोजेक्ट फक्त कोड देतात, फायली ज्याच्या त्याने आपल्या क्लायंटमधून घ्यायच्या.

सोलापुरात घरी असा सर्व्हर चालवायचा तर दोन अडचणी. बऱ्याच ब्रॉडबँडला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येईल असा पत्ता, नसतो, मग पोर्ट उघडूनही बाहेरचा मित्र आत येत नाही, भाड्याचा सर्व्हर घ्या नाहीतर लॅनवर, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवर, खेळा. दुसरी लाईटची. अल्टिमाचे एम्युलेटर अख्खं जग रॅममध्ये ठेवतात आणि ठराविक वेळाने डिस्कवर उतरवतात, त्यामुळे मधेच लाईट गेली की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं पुसलं जातं. सेव्हची वेळ कमी करता येते, पण तेवढ्या वेळा गेम क्षणभर अडकतो, म्हणून बहुतेक जण शेवटी इन्व्हर्टरच लावतात.