खारवट जमिनीतली लिंबूवर्गीय झाडे आणि टिश्यू कल्चर : मागची कहाणी

संत्रे, मोसंबी, लिंबू ही झाडे क्षारांच्या बाबतीत फार नाजूक आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (मातीतल्या क्षारांचे माप) साधारण १.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की संत्र्याचे उत्पादन घटू लागते. बार्लीसाठी हीच मर्यादा ८ च्या आसपास आहे. लिंबूवर्गीय झाडांना सोडियमपेक्षा क्लोराइडच जास्त बाधते. आधी पानांची टोके करपतात, मग पानगळ होते आणि शेवटी फांद्याच वाळतात.

क्लोराइड वर किती चढू द्यायचे, हे मुख्यतः मुळे ठरवतात. म्हणजे कलमाखालचा खुंट. अमेरिकेतील टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात १९५० च्या दशकात विल्यम कूपर यांनी वेगवेगळ्या खुंटांवरच्या झाडांची पाने तपासली, तेव्हा हा फरक ठळक दिसला. क्लिओपात्रा मँडरिन आणि रंगपूर लाईम हे खुंट क्लोराइड बरेचसे खालीच अडवतात. ट्रायफोलिएट ऑरेंज (संत्र्याचा त्रिदल पानांचा नातलग) आणि त्याचे संकर ते पानांपर्यंत पोहोचू देतात.

माझ्या मते या विषयाला खरी निकड आली ती ट्रिस्टेझा विषाणूमुळे. मध्यम क्षार सोसणारा आंबट संत्र्याचा खुंट अनेक देशांत पिढ्यान् पिढ्या वापरात होता. पण त्यावर संत्र्याचे कलम असेल तर ट्रिस्टेझा झाड मारतो. १९३० च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत लाखो झाडे गेली; १९५७ मध्ये स्पेनमध्ये रोगाचा उद्रेक झाला. मग ट्रॉयर आणि कॅरिझो हे सिट्रेंज खुंट पुढे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थंडी सोसणारी झाडे मिळावीत म्हणून केलेल्या नाभी संत्रे आणि ट्रायफोलिएट यांच्या संकरांतून ते निघाले होते. त्यांनी ट्रिस्टेझा सोसला, पण क्लोराइड अडवले नाही. क्लिओपात्रा क्षार सोसतो, पण फायटोफ्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या जीवाच्या मूळकुजीला बळी पडतो आणि त्यावरचे झाड फळाला उशिरा येते. एकाच खुंटात सगळे गुण हवे होते आणि तसा खुंट हाताशी नव्हता.

प्रयोगशाळेतली वाट, म्हणजे टिश्यू कल्चर (ऊती काचपात्रात पोषकमाध्यमावर वाढवणे), याआधीच सुरू झाली होती. अनेक लिंबूवर्गीय बियांत एकाहून अधिक भ्रूण असतात, हे डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेवेनहूक यांनी १७१९ मध्येच पाहिले होते. त्यांतले बरेचसे फलनातून नव्हे, तर बीजांडातल्या मातृऊतीतून तयार होतात. ही रोपे हुबेहूब आईसारखी असतात. निसर्गाने केलेले हे क्लोनिंगच, आणि म्हणूनच ही झाडे टिश्यू कल्चरला इतकी अनुकूल ठरली. दिल्ली विद्यापीठात माहेश्वरी आणि रंगास्वामी यांनी १९५८ मध्ये या ऊतीच्या संवर्धनाचे काम प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांचे पोषकमाध्यम आले आणि या कामाला पक्का पाया मिळाला.

पुढचा धाडसी प्रयत्न इस्रायलचा. १९८० च्या सुमारास कोखबा, बेन-हाइम, स्पीगेल-रॉय आणि सहकाऱ्यांनी शामूती संत्र्याचे पेशीपुंज मिठाच्या माध्यमात वाढवले आणि तग धरणाऱ्या पेशी निवडल्या. १९८९ मध्ये अशा निवडलेल्या पेशींपासून रोपे उभी केल्याचे प्रसिद्ध झाले. मला हे काम मनापासून आवडते. पण त्यातली अडचणही मूलभूत आहे. पेशीपुंजाला मूळ नसते. मुळाने क्लोराइड अडवणे हा या झाडांचा मुख्य बचाव, आणि काचेच्या नळीतल्या पेशींच्या निवडीत नेमका तोच तपासला जात नाही. शिवाय पेशींची मिठाची सवय आनुवंशिक बदलातून आली की तात्पुरत्या जुळवून घेण्यातून, हे ओळखणेही कठीण.

इतर वाटाही निघाल्या. १९८५ मध्ये जपानमध्ये संत्रे आणि ट्रायफोलिएट यांच्या पेशीभित्तीविरहित पेशींचा संयोग करून संकर रोपे मिळवली गेली. २००० मध्ये स्पेनच्या संशोधकांनी यीस्टमधला 'हाल-२' हा क्षार सोसण्याशी संबंधित जनुक कॅरिझोमध्ये घातल्याचे जाहीर केले. तिथेच क्लिओपात्रा आणि ट्रायफोलिएट यांच्या पारंपरिक संकरातून फोर्नर-अल्काइदे ५ हा ट्रिस्टेझा आणि क्षार दोन्ही सोसणारा खुंट निघाला.

अशा नव्या संकरांच्या बाबतीत टिश्यू कल्चर खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. ज्या खुंटाला बिया कमी लागतात, किंवा ज्याच्या बियांतून एकसारखी रोपे निघत नाहीत, त्याची डोळ्यासह कापलेली कांडी सायटोकायनिन (फुटवे आणणारे संप्रेरक) असलेल्या माध्यमात लावतात, फुटवे वेगळे करतात आणि ऑक्झिन (मुळे आणणारे संप्रेरक) देऊन मुळे धरवतात. त्यानंतर हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करावी लागते. नाजूक रोपे याच टप्प्यात दगावतात. आणि क्षारांची खरी परीक्षा त्याहीनंतरची : कलम बांधून, खारे पाणी देऊन, काही महिन्यांनी पानांतले क्लोराइड मोजायचे.