टचिंगचं टेबल : फोटो एडिटिंग शिकण्याआधीची गोष्ट

सोलापुरात फोटो एडिटिंगचा क्लास लावलेला पोरगा पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शिकून घरी येतो. कंट्रोल जे दाबलं की लेअरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी होते, चेहऱ्यावरचा डाग हीलिंग ब्रशने जातो, आणि चार बाय सहाच्या कागदावर पासपोर्ट फोटो आठ बसतात. तिन्ही बरोबर. पण फोटोशॉपमधल्या डॉज टूलचं चित्र काडीला लावलेल्या चकतीसारखं का, बर्नचं चित्र अर्धवट मिटलेल्या मुठीसारखं का, फोटो धारदार करणाऱ्या फिल्टरचं नाव ‘अनशार्प मास्क’ असं उलटं का, हे विचारलं तर सर म्हणतात, “असंच असतंय बे ते, पाठ कर.” मलाही हेच उत्तर मिळालं होतं, आणि पुढे बरीच वर्षं मीही पोरांना तेच देत आलो.

त्या ‘असंच असतंय’च्या मागे दीडशेहून जास्त वर्षांचं हातकाम आहे. ते मला दिसलं नव्या पेठेतल्या एका स्टुडिओच्या माळ्यावर, एका मोडक्या लाकडी टेबलाच्या रूपात. उतरत्या डेस्कसारखी फळी, तिच्या मधोमध दुधी काच, खाली तिरका आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेवर यायचा आणि वर ठेवलेली निगेटिव्ह उजळून निघायची. स्टुडिओतले काका त्याला टचिंगचं टेबल म्हणत. कॉम्प्युटर यायच्या आधी आयुष्यातली पंचवीसेक वर्षं ते या टेबलाशी वाकून बसले होते.

त्यांनी एकदा करून दाखवलं. पेन्सिलीचं शिसं इंचभर उघडं काढलं आणि काचपेपरवर फिरवून त्याला सुईसारखं टोक आणलं. निगेटिव्ह गुळगुळीत असते, तिच्यावर शिसं धरत नाही, म्हणून मीडियम नावाच्या चिकट द्रवाचा थेंब कापसाने चोळला. मग डोळ्यांखालच्या भागात स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघा, एकीला एक न चिकटवता. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक दिसते. ती पेन्सिलीने भरली की तिथून उजेड कमी जातो आणि छापलेल्या फोटोत सुरकुती फिकी पडते. उलट एखादी जागा गडद करायची असेल, तर ब्लेडच्या टोकाने निगेटिव्हचा थर खरवडायचा. तिथे हात घसरला की संपलं. गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवायचं आणि पुन्हा पावडर लावून बसवायचं.

ही कला सोलापुरात कुणी शोधली नाही, हे उघड आहे. डागेरोटाइप हा फोटोचा सुरुवातीचा प्रकार 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाला, पण त्यात निगेटिव्ह नव्हती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटायचं, त्याच्या प्रती निघत नसत. खरं टचिंग निगेटिव्ह आल्यावर सुरू झालं. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगलने 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात टचिंग केलेले फोटो मांडले आणि लोक चकित झाले. दोनच वर्षांनी ऑस्कर रेलँडरने तिसेक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र तयार केलं. त्या काळी लेअर नव्हते, तरी कामाची रीत लेअरचीच : एक भाग छापताना बाकीचा कागद झाकून ठेवायचा, मग दुसरा भाग. आपल्याकडेही गाडी मागे नव्हती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड होते.

सोलापूरला रेल्वे आली 1860 मध्ये. कॅमेऱ्याचं सामान इथवर पोचायची वाट तेव्हा मोकळी झाली. पण फोटोग्राफीच्या आधारावाचूनही चित्राचे चौकोन पाडायची एक विद्या या गावाने आपलीशी केली, आणि मला त्याचं जास्त नवल वाटतं.

ती विद्या म्हणजे चादर. सोलापुरी चादरीवरचा मोर नीट बघा. लांबून त्याची मान छान वळणदार दिसते. नाकाजवळ धरली की त्या वळणाच्या पायऱ्या होतात, एक घर वर, दोन घरं आडवी, पुन्हा एक वर. कारण तो मोर आधी ग्राफ पेपरवर काढलेला असतो. प्रत्येक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट, वर कोणता धागा राहणार एवढाच प्रश्न. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं माळेसारखी ओवायची आणि मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्रावर चढवायची. भोक असेल तिथे सुई आत जाते, त्याप्रमाणे धागा उचलला जातो किंवा जात नाही. आहे किंवा नाही, तिसरं काही नाही.

जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केलं. त्याच्या मृत्यूनंतर, 1839 साली, त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला जवळपास 24,000 कार्डं लागली. ते इतकं बारीक होतं की लोकांना कोरीव छापील चित्र वाटायचं. त्यातली एक प्रत गणकयंत्राची स्वप्नं बघणाऱ्या चार्ल्स बॅबेजने मुद्दाम मिळवून भिंतीवर लावली होती. म्हणजे ज्या साली डागेरोटाइप जगासमोर आला, त्याच साली माणसाचा चेहरा भोकांच्या भाषेत लिहूनही झाला होता. पिक्सेल म्हणजे काय, हे मी आता पोरांना फळ्यावर सांगत नाही. अशोक चौकाकडच्या पोरांच्या घरी चादर असतेच. म्हणतो, जा आणि मोराची मान बघून ये.

कॉम्प्युटरमध्ये पहिला फोटो शिरला 1957 मध्ये. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो स्कॅन केला : 176 गुणिले 176 पिक्सेल, म्हणजे एकतीस हजारांच्या आसपास चौकोन. आजचा 35 बाय 45 मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो इंचाला 300 पिक्सेलने केला, तर 413 गुणिले 531 होतो, त्या बाळाच्या साधारण सातपट. पिक्सेल चौकोनी ठेवले ही आपली चूकच झाली, असं किर्श म्हातारपणी म्हणाले. चादरीच्या डिझाइनरला हे दुःख आधीपासून ठाऊक आहे.

आता फोटोशॉप. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोलने 1987 मध्ये आपल्या मॅकिंटॉश प्लसवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्या मशीनच्या पडद्यावर काळा किंवा पांढरा एवढेच ठिपके दिसायचे, मधले राखाडी रंग नाहीत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची दाटी कमीजास्त करून राखाडीचा भास आणायचा, एवढंच त्याचं काम. आपला छापखानाही पेपरातल्या फोटोसाठी हेच करत आलाय. थॉमसचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्टच्या कंपनीत होता. त्याने ते बघितलं आणि यात आणखी हे घाल, ते घाल म्हणून मागे लागला. सुरुवातीला तो प्रोग्रॅम एका स्कॅनरबरोबर देण्यात आला, सुमारे दोनशे प्रती. मग अडोबीने हक्क घेतले आणि 19 फेब्रुवारी 1990 ला फोटोशॉप 1.0 बाजारात आलं, तेही फक्त मॅकवर.

या दोघा भावांचे वडील ग्लेन नोल प्राध्यापक होते, फोटोग्राफीचे शौकीन होते आणि घराच्या तळघरात त्यांची स्वतःची डार्करूम होती. पोरं तिथे लुडबुडत वाढली. म्हणून सॉफ्टवेअरमधली नावं आणि चित्रं सरळ डार्करूममधून आली. निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या एन्लार्जरचा उजेड कागदावर पडतो, जिथे जास्त पडेल तिथे कागद काळा होतो. नवरीचा चेहरा काळवंडतोय असं वाटलं, की तारेला पुठ्ठ्याची चकती लावून ती चेहऱ्यावर धरायची आणि हलवत राहायची, म्हणजे कडा उमटत नाही. ते डॉज. नवरीच्या पांढऱ्या शालूतला काठ उडाला असेल, तर हाताची मूठ करून मधल्या भोकातून तेवढ्याच जागी जास्त उजेड द्यायचा. ते बर्न. चित्रातली ती मूठ या कामाची.

अनशार्पचंही तसंच. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह काढायची, दोन्ही एकावर एक ठेवून छापायचं. धूसर भाग एकमेकांना खातात आणि कडा उठून दिसतात. मास्क अनशार्प असतो, फोटो नाही. आणि न निवडलेला भाग झाकणाऱ्या क्विक मास्कमध्ये पडदा लाल का होतो, हे स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला सांगावं लागत नाही. त्याने लाल रुबी फिल्म ब्लेडने कापलेली असते.

लेअर आले 1994 मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एक फोटो दुसऱ्यावर चिकटवून निवड सोडली की तो कायमचा चिकटला. मागे जायची सोयही 1998 पर्यंत एकाच पावलाची होती, पाचव्या आवृत्तीत हिस्टरी आली. हीलिंग ब्रश 2002 चा, सातव्या आवृत्तीतला. क्लोन स्टँप एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे आणतो, त्यामुळे कपाळावरची कातडी गालावर आणली तर ठिगळ दिसतं. हीलिंग पोत तिकडचा घेतो आणि रंग-उजेड इथला ठेवतो. काकांनी माझ्याकडे हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमची पाठ मोडली की रे यात.”

आमच्याकडे हे सगळं एकदम आणि उलटसुलट आलं. डीटीपीच्या क्लासमध्ये पेजमेकर, कोरल आणि फोटोशॉप तीन महिन्यांत उरकायचं. मशीन इतकं संथ, की सुरू होताना येणारी नावांची यादी पाठ व्हायची. त्यात सीतारामन नारायणन हे नाव दिसलं की वर्गात चैतन्य. शेजारी बसणारा पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला, मित्र छातीठोकपणे सांगायचा, “आपल्यातलाच हाय ह्यो.” पुरावा विचारला की गप्प. सॉफ्टवेअरची सीडी कुठून आली हे कुणी कुणाला विचारत नसे. 2013 पासून ते भाड्याने मिळू लागलं, तरी काही दुकानांत सातवी आवृत्ती अजून ठाण मांडून आहे. 1996 पासून गिंप हे फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर फुकट आणि अधिकृत मिळतंय, पण शिकवणाऱ्याला येत नाही म्हणून शिकणाराही घेत नाही. हे मला पटत नाही. शिकायला गिंप पुरेसं आहे, चोरीची सवय लागायची गरज नाही.

भाषेचा घोळ वेगळाच. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोडने ‘सिद्धेश्वर’ टाइप केलं की वेलांटी स च्या पुढे जाऊन बसायची आणि द्ध फुटून द ला हलंत लटकायचा. गड्ड्याच्या यात्रेचा फलक, त्यावर ग्रामदैवताचंच नाव मोडलेलं! उपाय म्हणून पुण्याच्या कंपनीची श्रीलिपी घ्यायची, अक्षरं तिच्यात करायची आणि इकडे आणायची. कॉम्प्युटरवरचं आमचं निम्मं शिक्षण या आडवाटेनेच झालं.

पुढे लग्नाच्या करिझ्मा अल्बमनी आणि फ्लेक्सनी सगळं पालटलं. बारा बाय छत्तीस इंचाचं पान, तयार टेम्प्लेटची डीव्हीडी, फोटो टाकला की झालं. फ्लेक्समुळे सगळ्यात जास्त वापरात आलं ते पेन टूल, कारण चौकातल्या फलकावर जितके भावी नगरसेवक, तितकी डोकी कापायची. पेन टूलच्या वक्ररेषा मुळात 1960 च्या दशकात रेनो कंपनीच्या पियरे बेझिए यांनी मोटारींच्या अंगासाठी वापरात आणल्या. आमच्याकडे त्यांवर फेटे कापले गेले.

टचिंगचा जुना रोगही सोबत आला. स्थळासाठीचा फोटो घेऊन येणारे आईबाप आजही म्हणतात, “थोडा उजळ करा.” काका डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायचे, मुरुम काढायचे, पण तीळ कधीच काढायचे नाहीत आणि रंगाला हात लावायचे नाहीत. “पाहुणे बघायला आले की पोरीला काय सांगू, फोटोतली दुसरी होती?” 

2023 मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आलं, म्हणजे चित्रातला हवा तो भाग कॉम्प्युटरच मनाने भरून देतो. त्याच्या आगेमागे मोबाइलवर जुने फोटो एका बोटाने नवे करणारी ॲप्सही सुळसुळली. मागच्या वर्षी साखर पेठेतल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. नवऱ्याचा एकच फोटो उरलेला, घडी पडून नाकावरून फाटलेला, एक कान वाळवीने खाल्लेला. नातवाने ॲपमधून तो आधीच नवा केला होता, कातडी तुकतुकीत, दोन्ही कान शाबूत, डोळ्यांत चमक. पोरगा खूश. आजींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत दिला.

“हे आमचे मालक न्हाईत,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या कानाची पाळी मागात सापडून फाटली होती.”

मग मी फाटका फोटो स्कॅन केला आणि आजींना शेजारी खुर्ची दिली. घडी हीलिंगने काढली. वाळवीने खाल्लेला कान दुसऱ्या कानावरून क्लोन केला, आरशासारखा उलटा करून. पाळीपाशी आल्यावर थांबलो आणि त्यांना विचारलं, नेमकं कुठून फाटली होती. त्यांनी स्वतःच्या कानावर बोट ठेवून दाखवलं.